दाव्यामागून दावा: सवयीच्या कोर्टबाजाला कायद्याने आवर कसा घालायचा

भावकीतलं एक उदाहरण घेऊ, नावगाव मनातलं धरा. थोरल्या भावाने वाटपाचा दावा केला, हरला. अपीलही फेटाळलं गेलं. मग त्याच गटासाठी बायकोच्या नावाने मनाईचा दावा आला. तो चालू असतानाच मुलाच्या नावाने वहिवाटीच्या रस्त्याचा. मध्ये एक फौजदारी तक्रार, ती मागे घेतली आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा दिली. बारा वर्षांत नऊ प्रकरणं. धाकटा एकातही हरलेला नाही. तरी बँक कर्ज देत नाही, जमिनीला गिऱ्हाईक फिरकत नाही आणि महिन्यातून दोनदा दुकानाचं शटर ओढून तो तालुक्याला तारखेला जातो.

असा माणूस वकिलाच्या टेबलासमोर बसला की विचारतो, ‘साहेब, याला कोर्टात यायलाच बंदी घालता येत नाही का?’

घालता येते. महाराष्ट्रात त्यासाठी १९७१ पासून स्वतंत्र कायदा आहे. अडचण वेगळीच असते. ती बंदी मागायला जे कागद लागतात, ते या माणसाने वाटेत सांडलेले असतात. एक दावा समोरच्याने काढून घेतला, म्हणून हा सुटलो म्हणत घरी आला. दुसरा गैरहजेरीत निघाला, पण त्या दिवशी हाही कोर्टात नव्हता. तिसऱ्याच्या निकालाची नक्कलच काढलेली नाही. नऊ दाव्यांपैकी उच्च न्यायालयाला दाखवण्याजोगे उरतात तीन. म्हणून या लेखात बंदीच्या अर्जापेक्षा त्याच्या आधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे. आज चालू असलेला दावा असा संपवायचा की तो पुढच्या वेळी पुरावा म्हणून कामाला येईल.

आधी एक प्रश्न स्वतःला

समोरचा दावे हरतो म्हणून तो खोडसाळ ठरत नाही. दावा केलेल्यांपैकी कोणीतरी हरणारच. एकाच माणसाचे पाच वेगळे व्यवहार बुडाले आणि त्याने पाच दावे लावले, तर तो त्याचा हक्क आहे. खोडसाळपणाच्या खुणा अशा: अंतिम निकाल लागलेला प्रश्न नव्या कपड्यात परत येणं, आधीच्या दाव्यांचा वादपत्रात उल्लेखच नसणं, तूर्तातूर्त मनाई मिळेपर्यंत उत्साह आणि पुरावा द्यायची वेळ आली की मुदतीचे अर्ज, विरोधात निकाल देणाऱ्या न्यायाधीशावर किंवा समोरच्या वकिलावरच तक्रारी, आणि घरातल्या वेगवेगळ्या नावांनी तीच मागणी.

या खुणा तुमच्या प्रकरणात दिसत नसतील, तर हा लेख बाजूला ठेवून दावा गुणवत्तेवर लढवा. खोडसाळपणाचा आरोप उगाच केला की न्यायाधीशांच्या मनात तुमचीच पत उतरते.

पायरी १: वंशावळ असते तशी दाव्यांची यादी

मोठा कागद घ्या आणि रकाने पाडा. न्यायालय, दाव्याचा प्रकार आणि नंबर (रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा, स्पे.मु.नं. म्हणजे स्पेशल मुकदमा, जे असेल ते), दाखल तारीख, वादी-प्रतिवादी, मिळकतीचा गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, नेमकी मागणी, निशाणी ५ वर (म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर) काय हुकूम झाला, दावा कसा संपला, खर्चाचा हुकूम झाला का आणि ती रक्कम मिळाली का. शेवटच्या रकान्यात आधीच्या कोणत्या दाव्यातला कोणता मुद्दा यात परत आला, ते एका ओळीत लिहा. खरं वजन या रकान्याला आहे. बाकीचे रकाने कारकून भरेल, हा तुम्ही आणि वकिलांनी मिळून भरायचा.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. एक खबरदारी घ्या. मराठी नावं इंग्रजीत कशीही लिहिली जातात. जाधव, जाधवराव, शिंदेचं स्पेलिंग, वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी, सगळी रूपं टाकून बघा. समोरच्याच्या बायकोच्या, आईच्या, मुलाच्या आणि कुलमुखत्याराच्या नावानेही बघा. संगणक येण्याआधीची प्रकरणं तिथे मिळणार नाहीत, त्यासाठी न्यायालयातली जुनी नोंदवही आणि रेकॉर्ड रूम.

मग नकला. वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), वादमुद्दे (न्यायालयाने ठरवायचे प्रश्न), निकालपत्र आणि हुकूमनामा, या पाचही कागदांच्या प्रमाणित नकलांसाठी नक्कल विभागात अर्ज द्या. नुसतं निकालपत्र पुरत नाही. पूर्वीच्या दाव्यात प्रश्न नेमका काय होता, हे वादपत्र आणि मुद्दे पाहिल्याशिवाय पुढच्या न्यायाधीशांना ठरवता येत नाही. झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका, ती ऐन वेळी पुराव्यात वाचता येत नाही.

पायरी २: कॅव्हेट

कॅव्हेट म्हणजे ‘आधी आम्हाला ऐका’ असा न्यायालयाकडे आगाऊ दिलेला अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८अ. नवा दावा येणार अशी कुणकुण असेल, तर तो जिथे दाखल होऊ शकतो त्या प्रत्येक न्यायालयात कॅव्हेट द्या: कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, आणि अपिलाची शक्यता असेल तर जिल्हा न्यायालय. समोरच्याला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवावी लागते. कॅव्हेट नव्वद दिवस टिकते, पुढे नवीन द्यावी लागते. कॅलेंडरवर ऐंशीव्या दिवशी खूण करून ठेवा, कारण सवयीचा दावेखोर एक्याण्णवाव्या दिवसाची वाट बघत बसलेला असतो.

कॅव्हेटमध्ये समोरच्या एकट्याचं नाव घालणं ही नेहमीची चूक. ज्यांच्या नावाने तो पूर्वी आला, ती सगळी नावं घाला. कॅव्हेटने दावा दाखल होणं थांबत नाही. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय अंतरिम हुकूम होऊ नये, एवढंच तिचं काम. पण खोडसाळ दाव्याचा जीव त्या पहिल्या हुकमातच असतो, हे विसरू नका.

पायरी ३: मनाई झालीच असेल तर

त्याच संहितेच्या आदेश ३९ नियम ३ प्रमाणे एकतर्फी मनाई देताना न्यायालयाने कारणं लिहायची असतात. वादीने अर्ज, प्रतिज्ञापत्र, वादपत्र आणि कागदांच्या प्रती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुम्हाला पाठवून तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. पाकिटावरची पोस्टाची तारीख जपून ठेवा. ती उशिराची निघाली तर तो मुद्दा तुमचा. नियम ३अ सांगतो की असा अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. वादीने महत्त्वाच्या बाबतीत जाणून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान केलं असेल, तर नियम ४ खाली मनाई उठवण्याचा अर्ज करा.

आता तुमची यादी पहिल्यांदा उपयोगी पडते. निशाणी ५ वरच्या म्हणण्यासोबत आधीच्या दाव्यांच्या नकला जोडा. पहिल्या परिच्छेदात जमिनीचा इतिहास सांगत बसू नका. सरळ लिहा की वादीने याच मिळकतीबाबतचे अमुक दावे न्यायालयापासून लपवले आहेत. खोटं घेऊन न्यायालयात येणाऱ्याला कोणत्याही टप्प्यावर बाहेर काढता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या चेंगलवराय नायडू निकालात म्हटलं आहे. वकिलांना तो पाठच असतो. तरी प्रत जोडा.

अपुऱ्या कारणावर मनाई मिळवली असं ठरलं, तर कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. तालुक्याला हा अर्ज फार कमी जण करतात, मग समोरचा पुढच्या खेपेला बिनधास्त येतो.

पायरी ४: वादपत्र नामंजूर करण्याचा अर्ज, आणि त्यातला खड्डा

आदेश ७ नियम ११. दाव्याला कारणच दिसत नाही, दावा कायद्याने वर्जित आहे, मूल्यांकन कमी दाखवलं आहे, मुद्रांक शुल्क कमी आहे अशा कारणांवर वादपत्र नामंजूर करता येतं. १९७७ मध्ये टी. अरिवंदनंदम प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी खालच्या न्यायालयांना बजावलं की वादपत्र अर्थ लावून वाचा. चलाख मांडणीने दाव्याच्या कारणाचा नुसता आभास उभा केला असेल तर पहिल्या सुनावणीतच आदेश १० खाली पक्षकाराची चौकशी करून तो खुडा. ते प्रकरणही एका मागून एक दावे टाकणाऱ्या भाडेकरूचंच होतं.

पण वकिलाला ‘सेव्हन इलेव्हन टाका’ असं सांगण्याआधी तीन गोष्टी समजून घ्या.

एक, या अर्जावर न्यायालय वादपत्र आणि त्यासोबतचे कागदच बघतं. तुमची कैफियत कितीही जोरदार असली तरी ती इथे मोजली जात नाही. म्हणून वादपत्रातच तुम्हाला उपयोगी वाक्य शोधा. ‘२००८ साली प्रतिवादीने कब्जा घेतला’ असं वादीनेच लिहिलं असेल आणि दावा २०२४ चा असेल, तर मुदतीचा मुद्दा त्याच्याच तोंडून आला.

दोन, ‘हा प्रश्न आधीच निकाली निघाला आहे’ म्हणजे प्राङ्न्याय, हा मुद्दा बहुधा या अर्जात टिकत नाही. २०२१ च्या श्रीहरी तोताला विरुद्ध हेमंत कामत निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी पूर्वीच्या दाव्याची वादपत्रं, मुद्दे आणि निकाल तपासावे लागतात, ते केवळ नव्या वादपत्रावरून ठरत नाही. मग काय करायचं? कैफियतीत कलम ११ चा, म्हणजे प्राङ्न्यायाचा, मुद्दा पहिल्या पानावर घ्या, त्यावर स्वतंत्र वादमुद्दा काढून मागा आणि आदेश १४ नियम २ खाली तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ऐकावा असा अर्ज द्या. पूर्वी महाराष्ट्रात अधिकारितेच्या प्रश्नासाठी कलम ९अ होतं. ते २०१८ मध्ये काढून टाकलं, तरी कोर्टाच्या आवारातल्या गप्पांत अजून जिवंत आहे.

तीन, आदेश ७ नियम १३. नियम ११ मध्ये दिलेल्या कारणांवर वादपत्र नामंजूर झालं तरी तेवढ्याने त्याच कारणावर नवं वादपत्र आणायला आडकाठी येत नाही. पेढे वाटण्याआधी हे वाचा. नामंजुरीचा हुकूम तुमच्या यादीत महत्त्वाचा कागद आहे, पण तो दरवाजाला कायमचं कुलूप लावत नाही.

अर्ज फेटाळला गेला तर उच्च न्यायालयात कलम ११५ खाली पुनरीक्षणाचा मार्ग आहे. तो अर्ज न करताच थेट संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयातून वादपत्र नामंजूर करून आणू, असा सल्ला कोणी दिला तर पैसे वाचवा. सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट मान्य केलेली नाही.

पायरी ५: दावा कसा संपतो यावर डोळा ठेवा

इथेच बहुतेकांचं नुकसान होतं. दावा चार तऱ्हांनी संपू शकतो आणि प्रत्येकीचा पुढचा परिणाम वेगळा आहे.

गुणवत्तेवर निकाल लागला तर उत्तम, कलम ११ तुमच्या पाठीशी. वाटपाच्या वेळी मांडता आला असता पण मांडला नाही, असा मुद्दाही त्यात येतो (स्पष्टीकरण ४). बायको किंवा मुलगा त्याच्यामार्फत, त्याच हक्काने मागत असतील तर त्यांनाही तो लागू होतो. ते स्वतंत्र हक्काने मागत असतील, उदाहरणार्थ आईकडून आलेला हिस्सा, तर नाही. हा फरक कैफियत लिहितानाच साफ करा.

तारखेला वादी आला नाही आणि तुम्ही हजर आहात. आदेश ९ नियम ८ खाली दावा निघतो, आणि नियम ९ मुळे त्याच कारणावर त्याला नवा दावा करता येत नाही. त्याला फक्त तोच दावा पुन्हा घेण्याचा अर्ज करता येतो. पण त्या दिवशी दोघेही गैरहजर असाल, तर दावा नियम ३ खाली निघतो आणि तो सुखाने नवा आणू शकतो. म्हणजे ‘आज काही होणार नाही, येऊ नका’ हे ऐकून तुम्ही शेतावर राहिलात, तर त्या एका दिवसाची किंमत आणखी पाच वर्षं. हजर राहा आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत) तुमची हजेरी लिहिली गेली की नाही ते बघा.

वादी पुरसिस (लेखी निवेदन) देऊन दावा काढून घेतो. परवानगी न घेता काढला तर आदेश २३ नियम १(४) प्रमाणे त्याच विषयावर नवा दावा करता येत नाही, आणि न्यायालय खर्चही बसवू शकतं. पण तो नवा दावा करण्याची मुभा राखून काढायला निघाला, तर गप्प बसू नका. ती मुभा दाव्यात औपचारिक दोष असेल किंवा तसंच पुरेसं कारण असेल तरच मिळते. लेखी हरकत घ्या. मुभा द्यायचीच तर आधीचा खर्च भरल्यावर, अशी अट मागा.

तडजोड. सवयीच्या कोर्टबाजाशी तडजोड करू नये असं नाही, पण तिच्यात कोणते दावे संपले त्यांचे नंबर लिहा, आणि याच मिळकतीबाबत तो व त्याच्यामार्फत कोणी हक्क सांगणार नाही असं कलम घालून हुकूमनामा काढा. नोटरीच्या कागदावरची तडजोड पुढच्या दाव्यात निशाणी होऊन येते, तीही त्याच्याच बाजूने.

पायरी ६: खर्च मागा, आणि वसूल करा

कलम ३५अ खास यासाठीच आहे: जाणूनबुजून खोटा किंवा त्रासदायक दावा असेल तर भरपाई म्हणून खर्च. मर्यादा मात्र ३,००० रुपये. एवढ्यात वकिलाची एक तारीखही निघत नाही. २०१० च्या विनोद सेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही खर्चाच्या या व्यवस्थेवर नाराजी नोंदवली होती. व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्याने व्यापारी वादांपुरती ही मर्यादा काढली. घरजमिनीच्या दाव्यांना ती अजून आहे.

तरीही ३५अ सोडू नका, कारण इथे रकमेपेक्षा शब्द महत्त्वाचे. हे कलम लावायचं तर न्यायालयाला दावा खोटा किंवा त्रासदायक का, याची कारणं लिहावी लागतात. ते एक वाक्य पुढे बंदी मागताना महाधिवक्त्यांसमोर (राज्य सरकारच्या मुख्य वकिलांसमोर) तीन हजारांपेक्षा कितीतरी मोलाचं ठरतं. अट अशी की तुम्ही तशी हरकत घेतलेली हवी. म्हणून कैफियतीत स्वतंत्र परिच्छेद घाला: हा दावा वादीला माहीत असूनही खोटा आणि त्रासदायक आहे, कलम ३५अ खाली खर्चाची मागणी आहे. युक्तिवादाच्या वेळी तो न्यायाधीशांना वाचून दाखवा.

खऱ्या रकमेसाठी कलम ३५. २००५ च्या सेलम बार असोसिएशन निकालात सर्वोच्च न्यायालयाने खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा, त्यात गेलेला वेळ, प्रवास, मुक्काम, वकिलाची फी धरावी असं म्हटलं. म्हणून एसटीची तिकिटं, फीच्या पावत्या, नकलांच्या पावत्या एका पाकिटात ठेवा आणि निकालाआधी तपशील दाखल करा. तारखा लांबवल्याबद्दल कलम ३५ब आहे. तो खर्च भरणं ही पुढे दावा चालवण्याची पूर्वअट असते, पण न्यायालयाचं लक्ष तुम्ही वेधलंत तरच.

खर्चाचा हुकूम झाला आणि त्याने पैसे दिले नाहीत, तर दरखास्त (हुकमाच्या वसुलीचा अर्ज) लावा. दोन हजारांसाठी कोण दरखास्त करणार, असं वाटेल. पण ‘चार दाव्यांत खर्च बसला, एकही रुपया भरला नाही’ हे वाक्य तुमच्या यादीच्या शेवटी हवं आहे.

मधला रस्ता

एकाच जिल्ह्यात तीन-चार न्यायालयांत सारखेच दावे चालू असतील, तर कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करून ते एका न्यायालयात आणा. एका न्यायाधीशांच्या टेबलावर चारही फायली एकत्र दिसल्या की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आधीचा दावा अजून चालू असेल तर कलम १० खाली नंतरचा स्थगित ठेवण्याचा अर्ज करा.

खोट्या शपथपत्राबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच न्यायालयाकडे अर्ज करता येतो. अप्रामाणिक हेतूने खोटा दावा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४६ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्याला जुनं भारतीय दंड संहितेचं कलम २०९. ही हत्यारं जपून वापरा. प्रत्येक दाव्यात असा अर्ज टाकत गेलात तर यादी तुमचीही लांबते.

पायरी ७: महाधिवक्त्यांकडे

आता मूळ बंदी. या कल्पनेचा जन्म इंग्लंडमधला. अलेक्झांडर चॅफर्स नावाच्या एका सॉलिसिटरने युवराजांपासून कँटरबरीच्या आर्चबिशपपर्यंत दिसेल त्याच्यावर दावे लावल्यावर १८९६ मध्ये तिथे कायदा झाला. आपल्याकडे मद्रासने १९४९ मध्ये तसाच कायदा केला. नागरिकाच्या हक्कावर ही गदा आहे, हा आक्षेप मावले विरुद्ध आंध्र प्रदेश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. मग महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आला, आणि २००५ मध्ये विधि आयोगाने १९२ व्या अहवालात देशभरासाठी असा कायदा सुचवला.

महाराष्ट्राच्या कायद्याची रचना छोटी आहे. एखादी व्यक्ती सवयीने आणि वाजवी कारणाशिवाय त्रासदायक दिवाणी किंवा फौजदारी प्रकरणं दाखल करते, असं उच्च न्यायालयाचं समाधान झालं, तर तिचं म्हणणं ऐकून न्यायालय हुकूम करू शकतं की पूर्वपरवानगीशिवाय तिने कोणत्याही न्यायालयात नवं प्रकरण आणायचं नाही. प्रकरणं एकाच माणसाविरुद्धची असोत की वेगवेगळ्यांविरुद्धची. हा अर्ज फक्त राज्याचे महाधिवक्ता करू शकतात. तुम्ही नाही, तुमचे वकीलही नाहीत.

म्हणजे तुमचं काम महाधिवक्त्यांना पटवण्याचं. त्यांच्या कार्यालयाकडे वकिलांमार्फत निवेदन द्या आणि प्रतीवर पोच घ्या. ते अर्ज करायला बांधलेले नाहीत, म्हणून निवेदन असं हवं की वाचणाऱ्याला मसुदा तयारच मिळावा.

पहिल्या पानावर चार ओळी: कोण, किती वर्षांत किती प्रकरणं, त्यांपैकी किती फेटाळली, किती काढून घेतली, आज किती चालू. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ती यादी. चौथ्यावर न्यायालयांनीच वापरलेली वाक्यं: कुठे ‘त्रासदायक’, कुठे ‘माहिती दडवली’, कुठे खर्च, प्रत्येकासमोर निकालपत्राचं पान. मागे प्रमाणित नकला, पानांना सलग नंबर देऊन. भावकीचा इतिहास, कोणी कोणाला लग्नात काय म्हटलं, तो बांध कधी फोडला, यातलं काहीही नको. मी अशी निवेदनं पाहिली आहेत की चाळीस पानं वाचून समोरच्याचा राग कळतो आणि दाव्यांची संख्या कळत नाही.

कायद्यात आकडा नाही. तीन दावे पुरे की तीस हवेत, असं कुठे लिहिलेलं नाही. ‘सवयीने’ आणि ‘वाजवी कारणाशिवाय’ या दोन शब्दांवर सगळं तोललं जातं. संख्या पहिला शब्द सिद्ध करते, फेटाळणीची कारणं दुसरा. तुमची संख्या कमी असेल तर त्याच माणसाने आणखी कोणावर दावे लावले आहेत ते शोधा. शेजारचा शेतकरी, सोसायटीचा सचिव, जुना भागीदार. दोन-तीन पीडितांनी मिळून दिलेलं निवेदन एकट्याच्या निवेदनापेक्षा खूप वजनदार, कारण तेव्हा ते भांडण भावकीचं राहत नाही. तहसीलदार-प्रांतांकडच्या फेरफाराच्या हरकती वेगळ्या पानावर पार्श्वभूमी म्हणून द्या. मुख्य यादी न्यायालयांतल्या प्रकरणांचीच ठेवा.

महाधिवक्त्यांनी अर्ज केला की उच्च न्यायालय त्या माणसाला नोटीस काढतं. तालुक्याच्या न्यायाधीशांनी दिवाणी संहितेच्या कलम १५१ खाली (न्यायालयाच्या अंगभूत अधिकारात) अशी सरसकट बंदी घालावी, ही अपेक्षा ठेवू नका. संविधानिक न्यायालयं मात्र समोरच्या प्रकरणापुरते कडक निर्बंध घालतात. २०१७ मध्ये सुराज इंडिया ट्रस्टला सर्वोच्च न्यायालयाने २५ लाखांचा खर्च बसवला आणि पुढे जनहित याचिका करायलाच मनाई केली. या संस्थेने चौसष्ट प्रकरणं केली होती.

हा कायदा महाराष्ट्रापुरता आहे. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचंच खंडपीठ असलं तरी राज्याचा कायदा मांडवीपार जात नाही, आणि बेळगाव-निपाणीच्या दाव्यांनाही तो लागत नाही. दिवाणी संहितेतल्या सगळ्या पायऱ्या मात्र तिथेही तशाच. इंग्लंडमधल्या मराठी वाचकांसाठी एक ओळ: तिथे न्यायाधीश स्वतःहूनही निर्बंध घालू शकतात. मर्यादित, विस्तारित आणि सर्वसाधारण असे त्याचे तीन स्तर आहेत, आणि फेटाळलेला अर्ज ‘पूर्णपणे बिनबुडाचा’ वाटला तर तसं न्यायाधीशांना हुकमात नोंदवावं लागतं. आपल्याकडे अशी सक्ती नाही, म्हणून तर ३५अ चा परिच्छेद एवढा जपायचा.

नोटीस तुम्हालाच आली तर

क्वचित उलटंही होतं. बिल्डर किंवा संस्था बलवान असते आणि एकटा सभासद दाव्यावर दावे करून थकलेला असतो, त्यालाच खोडसाळ ठरवायचा प्रयत्न होतो. घाबरून गैरहजर राहू नका. ऐकून घेतल्याशिवाय हुकूम होत नाही. प्रत्येक प्रकरणासमोर ते का करावं लागलं आणि त्यात अंशतः का होईना काय मिळालं, ते लिहा. अंतरिम हुकूम तुमच्या बाजूने झाला असेल तर तो वाजवी कारणाचा चांगला पुरावा आहे. मुंबई उच्च न्यायालयात स्वतः बाजू मांडायची असेल तर २०१५ च्या नियमांप्रमाणे आधी समितीसमोर जावं लागतं, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. बंदी आलीच तरी ती दार बंद करत नाही. नव्या दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य दाखवलं की परवानगी मिळू शकते, आणि तुमच्यावर कोणी दावा केला तर बचावाला परवानगी लागत नाही.

हुकूम मिळाल्यावर

तो राजपत्रात प्रसिद्ध होतो. राजपत्राची प्रत आणि हुकमाच्या दहा-बारा प्रमाणित नकला काढून ठेवा. जिल्ह्यातल्या ज्या ज्या न्यायालयांत तो माणूस येत असे, तिथल्या प्रबंधकांकडे किंवा सहायक अधीक्षकांकडे एकेक प्रत पत्रासोबत द्या. दाखल करून घेणाऱ्या टेबलावरच्या कारकुनाला हे नाव माहीत असण्याचं कारण नाही. तरीही परवानगीशिवाय नवा दावा दाखल झालाच, तर समन्स मिळताच पहिल्या तारखेला हुकमाची नक्कल लावून एक पानी अर्ज द्या. असा दावा न्यायालयाने काढूनच टाकायचा असतो, कैफियत लिहित बसायची गरज नाही. समन्सवरचं नाव त्याचं नसेल, पुतण्याचं किंवा मेहुण्याचं असेल, तर मात्र यादी पुन्हा काढा आणि शेवटच्या रकान्यापासून सुरुवात करा.